श्वासाची खूण

मोंतेल हे फ्रेंच गृहस्थ, वय एक्याऐंशी. लियोंहून तरुणपणी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला आले आणि तिथल्या एका वाद्यवृंदाचे वीस वर्षं संचालक होते. नऊ रचना लिहिल्या. त्यांतली लोकांसमोर झाली एकच, तीही दोनदाच. निवृत्तीनंतर ते न्यूनेनमध्ये राहायला आले आणि हौशी लोकांचा क्वायर, म्हणजे समूहगानाचा गट, शिकवू लागले. माझी बायको मंजूषा त्यात सहा वर्षं गायली. घरी ती त्यांना 'बुवा' म्हणायची.

फेब्रुवारीत ती गेली. एप्रिलमध्ये मी आइंडहोवनहून सायकलने बुवांकडे गेलो. मला तिचं गाणं ऐकायचं होतं. माझ्याकडे ते कुठेच नाही. ती घरी रियाज करायची तेव्हा नेमकी माझी कारखान्यातल्या मशीनबद्दल ऑनलाइन मीटिंग असायची.

"मंजू, दार लाव गं," मी म्हणायचो.

"लावते बाबा. माझ्या आवाजाने तुझी मशीन बंद पडायची!"

बुवांनी त्यांच्या त्या एका रचनेचं, क्वायरने गायलेलं रेकॉर्डिंग लावलं. चाळीस जण गात होते.

"यात ती कुठली?" मी विचारलं.

"नाही ओळखू येणार."

"परत लावा."

त्यांनी तीनदा लावलं. बायकांचा सगळा मिळून एकच आवाज होता.

"मी आयुष्यभर हेच शिकवलं," ते म्हणाले. "कुणी एकटं ऐकू येता कामा नये. तुमची बायको सुरुवातीला लगेच कळायची. तिचा आवाज बाकीच्यांत मिसळायला मला दोन वर्षं लागली." हे त्यांनी अभिमानानेच सांगितलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी पिशवीतून तिची स्वरलिपीची प्रत काढली. शेवटच्या पानावर एक सूर बावीस मात्रा चालतो. त्यावर तिने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'श्वास. हळूच.'

बुवांनी समजावलं. एवढा लांब सूर एका दमात कुणालाच जमत नाही. म्हणून प्रत्येकाला श्वासाची वेगळी जागा ठरवून द्यायची. एक थांबला की बाकीचे गात राहतात, ऐकणाऱ्याला कळत नाही.

"ती चौदाव्या मात्रेला थांबायची."

निदान तिची एक जागा तरी सापडली होती. "लावा," मी म्हणालो.

ते टेबलावर बोटाने मात्रा मोजू लागले. बारा. तेरा. चौदाला त्यांनी बोट वर उचलून धरलं.

त्या जागी ती गात नव्हती. सूर चालूच राहिला. जराही हलला नाही.

"छान," बुवा सवयीने पुटपुटले.

मी प्रत पिशवीत ठेवली. ते दारापर्यंत आले.

"फाइल पाठवू का तुम्हाला?"

मी नको म्हणालो आणि सायकलचं कुलूप काढलं.