इथे सगळेच टाकतात

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे आणि खरं सांगते, माझं मलाच कोडं पडलं आहे.

पूर्वी मी तेलाचा डबा होते. रंगाऱ्याने मला ठोकून सपाट केलं आणि शिवणकामवाल्या काकूंच्या सांगण्यावरून माझ्यावर लाल अक्षरांत लिहिलं, 'इथे सगळेच कचरा टाकतात! तुम्ही तरी टाकू नका!' मग मला गल्लीच्या टोकाला, काकूंच्या खिडकीखाली ठोकलं. काकूंचे सासरे अंथरुणाला खिळलेले. ती खिडकी हेच त्यांचं जग होतं.

पहिल्याच दिवशी एक चष्मेवाले गृहस्थ आले. त्यांनी मला मोठ्याने वाचलं, "सगळेच टाकतात म्हणे!" असं पुटपुटले आणि हातातली पिशवी माझ्याच पायाशी टाकली. अहो, मी चक्रावूनच गेले! मग दुसरी पिशवी आली, दहावी आली. ढीग माझ्या गळ्याशी आला आणि माश्यांमुळे खिडकी बंद झाली.

"सूनबाई, उघड की जरा. माणसं तरी दिसतील," आजोबा म्हणायचे.

"कशी उघडू, मामंजी?" काकूंचा आवाज रडवेला व्हायचा.

माझं काय चुकलं? अक्षरं पुसट झाली असतील म्हणून काकूंनी रंगाऱ्याला पुन्हा बोलावलं. त्याने ती ठसठशीत केली आणि हात पुसलेली चिंधी त्याच ढिगावर भिरकावली!

"अहो, तुम्हीसुद्धा?" काकू ओरडल्या.

रंगारी ओशाळला. "सगळेच टाकतात ना... हात आपसूक गेला बघा."

काकू गल्लीतल्या एकेका दाराकडे बघत राहिल्या. मग बोटांवर मोजत म्हणाल्या, "बावीस घरांपैकी सतरा घरं कचरा गाडीतच देतात. म्हणजे आपण उरलेल्या पाचांचीच दवंडी पिटत होतो की!"

दोघांनी मिळून ढीग उपसला. माझ्यावर नवा मजकूर आला, 'या गल्लीतली सतरा घरं कचरा गाडीतच देतात.' दुसऱ्या दिवशी तेच चष्मेवाले आले. त्यांनी मला वाचलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवी काखोटीला मारून ते मुकाट्याने परतले. पत्रा तोच, भिंत तीच, गृहस्थही तेच! माणसं मला वाचतात की एकमेकांना, हे मला अजून कळलेलं नाही.

आता मी गंजले आहे. मला पुसलं नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण कुठे पिशवी टाकायला हात उचललात, तर आधी एकदा वर बघा. तिथे एखादी खिडकी असेल. आमची आज सकाळीही उघडली, आणि आजोबांनी त्या चष्मेवाल्यांना हाक मारून विचारलं, "काय हो, बरे आहात ना?"