ताईने न पाहिलेले फोटो

पडदा फुटला म्हणून मला कपाटावर चढवलं, आणि तिथेच मला खरी नोकरी लागली. मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझाही थाट होता, पण तो सगळ्यांचाच असतो.

माझे मालक लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. घरातले अल्बम ओल लागून चिकटू लागले, तेव्हा मालकांनी एकेक फोटो अलगद सोडवला, स्कॅन करून माझ्या पोटात ठेवला आणि अल्बम टाकून दिले. तीन हजारांवर फोटो, आणि ते फक्त माझ्याकडे. मालकांची मोठी बहीण दूरच्या शहरात राहते. ताईला तिच्या घरी बसून ते बघता यावेत, म्हणून मला घरचा सर्व्हर केलं; जो माझा पत्ता टाकेल, त्याला मी फोटो दाखवायचे.

काम झाल्यावर मालक कपाटाशेजारच्या खुर्चीत टेकले आणि फोनवर माझा पत्ता टाकला. फोटो झरझर उघडले. मालकांनी तोच पत्ता ताईला कळवला आणि संध्याकाळी विचारलं, "दिसतंय ना गं?"

"हो हो, छान दिसतंय," ताई म्हणाली.

माझं कौतुक झालं. मला मात्र ते पचलं नाही, कारण ताई माझ्याकडे आलीच नव्हती. मालकांचा फोन घरातलाच, तो सरळ पोचला. बाहेरच्यांची गोष्ट वेगळी होती. इंटरनेट कंपनीने आमच्या गल्लीतल्या शेकडो घरांना मिळून एकच पत्ता दिला होता. आतून बाहेर जायला मोकळीक, पण बाहेरून आलेल्याला कोणत्या घरी पाठवायचं हे कंपनीला कळायचं नाही. ती सरळ परत पाठवायची. हे मी कोणाला सांगणार?

दोन वर्षं गेली. माझा पंखा घरघरू लागला, अंगावर धूळ बसली. एक दिवस मालकांनी ताईला विचारलं, "फोटो सगळे उतरवून घेतलेस ना?"

"घेतले रे," ताई म्हणाली.

मालकांनी मला खाली काढलं. "याच्यातलं सगळं पुसतो आणि याला भंगारात देतो," ते बायकोला म्हणाले. "फोटो ताईकडे आहेतच."

मालकीणबाई ग्रंथालयात काम करतात. त्या म्हणाल्या, "थांबा जरा. पुस्तक रद्द करण्याआधी ते कोणी कधी नेलं, ते आम्ही बघतो. याच्याकडे तशी नोंद नसते का?"

नोंद होती. कधीपासून होती. मालकांनी ती फोनवर उघडून वरपासून खालपर्यंत वाचली. दोन वर्षांत घरातले दोन मोबाइलच माझ्याकडे येऊन गेले होते, बाहेरचं कोणीच नाही. त्यांनी ताईला फोन लावला.

"तू इतक्या हौसेने सांगितलंस," ताई म्हणाली. "मला वाटलं, मलाच जमत नाहीये. एकदा हो म्हटल्यावर नाही कसं म्हणू? आणि तू पुसणार आहेस, हे कुठे बोललास?"

मालकांनी कंपनीकडे आमच्या घरासाठी वेगळा पत्ता मागितला, पण दाद लागली नाही. मग मालकांनी स्वतःचा वेगळा पत्ता असलेला दूरवरचा एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. आता मीच आतून त्याला गाठतो आणि लाइन धरून बसतो. ताई त्याच्याकडे जाते, तो तिला त्याच लाइनीवरून माझ्याकडे आणतो. काम किचकट आहे, पण जमतं.

त्या दिवशी मालकांनी 'दिसतंय ना' असं विचारलं नाही. ते म्हणाले, "ताई, काय दिसतंय ते सांग."

ताईने आधी दोन-चार फोटो उघडून पाहिले. "बाबा शिडीवर चढून पाटी रंगवतायत," ती म्हणाली. "आणि तू शिडी धरायची सोडून कॅमेऱ्याकडे बघतोयस." मग तिने पुढचा फोटो उघडला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसत जा, हे तर मी सांगणारच. पण तुम्ही पाठवलेलं समोरच्याला पोचलं का, हेही नीट विचारत जा. 'दिसतंय ना' म्हटलं की माणसं मन राखायला हो म्हणतात. 'काय दिसतंय' असं विचारा, आणि उत्तराला वेळ द्या. आमच्या घरी फोटो पोचलेच नाहीत, हे कळायला दोन वर्षं लागली. आणखी एक तास लागला असता, तर शिडीवरचे बाबा पुसले गेले असते.