आक्कांकडचं

माझ्या अंगावर पित्त उठायचं तेव्हा आधी वरचा ओठ जड व्हायचा. मग मानेवर, पोटावर, मांड्यांवर रुपयाएवढ्या गांध्या. आई आमसुलाचं पाणी चोळायची, आत्या मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायची आणि मी खाजवत खाजवत दोघींवर ओरडायची. साल त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचं असेल. मी पाचवीत होते आणि आम्ही श्रीरामपूरला, स्टेशनच्या पलीकडे, एका बैठ्या कॉलनीत राहत होतो. वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा वास घरभर व्हायचा. लोक त्या वासाला नाक मुरडतात. मला तो आजही कुठे आला तर भूक लागते.

त्या भुकेचं कारण आक्का. आमचं मागचं अंगण आणि त्यांचं अंगण यांत मिळून एकच भिंत होती, छातीएवढी. सहादूकाका पोस्टात होते, आक्काबाई घरी शिवणकाम करायच्या आणि त्यांची प्रज्ञा माझ्याच वर्गात होती. शाळा सुटली की दप्तर आमच्या घरात आणि मी त्यांच्या घरात. बाजरीची गरम भाकरी, तिच्यावर कारळ्याची चटणी, चटणीत बोटाने खड्डा करून तेल. एका ताटात आम्ही दोघी. प्रज्ञा पापुद्रा आधी पळवायची म्हणून आमची भांडणं व्हायची आणि आक्का मशीन न थांबवता दोघींना शिव्या द्यायच्या. त्या शिव्यांची मला फार आठवण येते.

आईला हे चालायचं. म्हणजे माझं खाणं चालायचं. ती स्वतः ब्लाउज शिवायला टाकायला गेली आणि आक्कांनी काही पुढे केलं, की म्हणायची, "आज उपास आहे हो." सोमवारी सोमवार, गुरुवारी गुरुवार. बुधवारी कसला उपास असतो ते मला अजून कळलेलं नाही. घरी आल्यावर ती मस्तपैकी कांदेपोहे करून खायची आणि फोडणीचा वास भिंतीवरून खुशाल पलीकडे जायचा. आक्का म्हणायच्या, "वहिनींचे उपास लई कडक." मी ते कौतुक समजायची. मठ्ठच होते.

पित्त सुरू झालं त्या जूनमध्ये. बाबांची मोठी बहीण, आमची आत्या, तेव्हा चार महिन्यांसाठी राहायला आली होती. तिचं निदान दुसऱ्याच दिवशी तयार होतं. "कुणाकुणाकडचं खाऊन येते. मग अंगावर उठणार नाही तर काय होणार?" कुणाकुणाकडचं म्हणजे कुणाकडचं, हे तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

डॉक्टर भले होते. ते म्हणाले, "सुया टोचून तपासतात पुण्याला, पण आधी घरीच करून बघा. आठ दिवस साधं खाणं. भात, मूग, दुधी, पोळी, तूप. मग एक एक पदार्थ परत द्यायचा आणि तीन दिवस थांबायचं. पित्त उठलं नाही तर तो पदार्थ सुटला."

आईच्या अंगात मास्तरीण संचारली. तिने शंभरपानी वही काढली, पट्टीने रकाने आखले: तारीख, पदार्थ, निकाल. खाली एकेक संशयित. शेंगदाणे, गूळ, वांगं, चिंच, हरभऱ्याची डाळ, मसूर. सातव्या ओळीवर तिने लिहिलं, "आक्कांकडचं". त्यापुढे तारीख नाही, तीन दिवस नाहीत, नुसती फुली. बाकी सगळ्यांची तपासणी व्हायची होती. त्या एका ओळीचा निकाल आधीच लागला होता.

निरोप मीच पोचवला. प्रज्ञा भिंतीवरून हाका मारत होती आणि मी आक्कांना ऐकू जाईल असं बोलून गेले, "तुमच्याकडचं खाणं बंद केलंय मला. त्यानेच पित्त उठतं." मशीनचा आवाज थांबला. आक्का म्हणाल्या, "बरं. बंद म्हंजी बंद." आणि मशीन पुन्हा सुरू झालं. त्यानंतर मी तिकडे गेले तरी त्या प्रज्ञाला स्वयंपाकघरात नेऊन वाढायच्या आणि मला बाहेर बसवायच्या. रागाने नाही. पण मला आजही ते आठवलं की लाज वाटते.

तपासणीचं म्हणाल तर सगळेच पदार्थ नापास होत होते. साध्या खाण्याच्या आठ दिवसांतही दोनदा गांध्या आल्या. वांगं दिलं, उठलं. शेंगदाणे दिले, उठलं. गूळ नापास, चिंच नापास. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाची जिलबी खाल्ली, तेव्हा तर डोळेच सुजून बंद झाले. आत्या म्हणाली, त्या शेजारच्या पोरीच्या हातची खाल्ली असेल. मी वाळत चालले होते. सकाळी पाववाल्या अंतोनकाकांच्या सायकलची घंटा वाजली की आई धावत फाटकाशी जायची, कारण पोरीच्या अंगात निदान काहीतरी जायला हवं. सायकलच्या मागच्या पत्र्याच्या पेटीतून गरम पावाची लादी निघायची. तिचा तो वास! वाटीत दूध, दुधात पाव, वर चमचाभर साखर. आजाऱ्याला आणखी काय द्यायचं?

सप्टेंबरात मात्र काय झालं कोण जाणे, पित्त एकदम थांबलं. सलग आठ दिवस. वांगं पुन्हा देऊन पाहिलं, पास. शेंगदाणे पास. वही पार गोंधळून गेली. आत्याने दृष्टीचं श्रेय घेतलं. नवव्या दिवशी सकाळी घंटा वाजली, आईने आनंदाने दूध-पाव कालवून दिला आणि दुपारी शाळेतून मला ओठ धरूनच घरी आणलं.

संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "वहिनी, वाईच भायेर या."

आक्का हातात भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते उन्हासमोर धरलं. पानापानावर तारखांच्या चौकोनांत बारीक भोकं होती, सुईने टोचलेली, आणि त्यांतून मावळतीचं ऊन येत होतं.

"माज्या घरचा घास हिच्या तोंडात गेला न्हाई, त्याला आता अडीच म्हैने झाले," आक्का म्हणाल्या. "तवापासून हिला उठलं की मी टोचतिया. हिचं वरडनं हितं ऐकू येतंया. सव्वीस बारी उठलं, वहिनी. मोजा तुमी."

आई भिंतीला टेकून उभी राहिली. आत्या मागे दारात.

"आन् ह्ये आठ दिस बगा. एक बी भोक न्हाई. म्या लई इचार केला, ह्या आठ दिसांत हिचं काय बंद हुतं? अंतोन बंद हुता. हरेगावला मतमाउलीच्या जत्रंत दुकान लावाया गेल्ता. आज आला, आन् आज उठलं."

"पाव?" आई म्हणाली. "अहो आक्का, पाव तर आजाऱ्याला देतात."

"देत्यात खरं. तुमच्या वहीत लिवलाय का त्यो?"

आई आत जाऊन वही घेऊन आली. पाव वहीत नव्हता. कुठेच नव्हता. जसं आपण पाणी प्यायलो ते लिहीत नाही, तसा तो तिने कधी लिहिलाच नव्हता. दोघी भिंतीवर वही आणि कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवून तारखा लावत गेल्या. आक्का ओळींवरून बोट फिरवत होत्या. शेंगदाणे, गूळ, वांगं, चिंच. सातव्या ओळीवर बोट थांबलं.

"आक्कांकडचं," त्यांनी सावकाश वाचलं. मग वर बघून विचारलं, "ह्ये कंचं धान्य हाय, वहिनी?"

आईने वही मिटली. आक्कांनी कॅलेंडर उचललं आणि त्या घरात गेल्या.

डॉक्टरांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाले, पोळी चालते म्हणजे गहू नाही. पाव फुगवायला जे यीस्ट घालतात, ते हिला सोसत नसणार. जिलबीचं पीठही आंबवलेलंच. खात्री करायला पंधरा दिवस पाव बंद ठेवला. एकही गांधी नाही. मग डॉक्टरांची गोळी हाताशी ठेवून चतकोर पाव दिला, दोन तासांत ओठ जड. वहीत नवी ओळ आली, "पाव", आणि पुढे फुली. आत्या लवकरच आपल्या गावी गेली. मला पाव गेल्याचं वाईट वाटलं, अजूनही बेकरीवरून जाताना वाटतं.

पण सातव्या ओळीचं काय, हे कुणी बोलेना. भाकरी मला अजून बंदच होती. मी विचारलं की आई म्हणायची, "बघू." भिंतीशी ती कपडे वाळत घालायची तेव्हा पलीकडे मशीन चालू असायचं आणि दोघी एकमेकींकडे बघत नसत. मला वाटलं, आता हे असंच राहणार.

मग एक दिवस, शाळेला कसलीशी सुट्टी होती, भर दुपारी आईने माझा हात धरला आणि आम्ही रस्त्याने वळसा घालून आक्कांच्या पुढच्या दाराशी गेलो. ब्लाउजचं कापड नव्हतं हातात. वही होती.

"आक्का, हिला भाकरी वाढाल का?"

"तुमच्या वहीत फुली हाय," आक्का सुईत दोरा ओवत म्हणाल्या.

"ती न तपासता मारली. माझं चुकलं," आई म्हणाली. "तपासायला आले आहे. मलाही वाढा."

आक्कांनी दोरा खाली ठेवला. मग उठल्या. तवा पुन्हा तापला, भाकरी थापल्याचा आवाज आला आणि प्रज्ञाने मला डोळा मारला. दोन ताटं आली. आईच्या ताटातल्या चटणीत आक्कांनी स्वतः खड्डा केला, तेल ओतलं आणि हात मागे घेत विचारलं, "आज उपास न्हाई ना, वहिनी?"

"नाही," आई म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

त्या दिवशी संकष्टी होती. एवढा एक उपास आई खरोखरचा करायची, चंद्र दिसेपर्यंत. घरी पातेल्यात साबुदाणा भिजत होता. सकाळी त्यावर पाणी मीच घातलं होतं.