तारप्याकडे तोंड करून

संगीता आमच्या रानशेतची. लग्नात, हळदीत तिचा आवाज नसेल तर कार्य झालं असं आम्ही धरतच नाही. डहाणू स्टेशनला माझी रिक्षा असते. तिच्यात दिवसभर संगीताचीच गाणी वाजतात, आणि आवाज कमी करा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दुसरी रिक्षा दाखवतो. मी, मनिष, तिचा पहिला फॅन. हे माझं मीच ठरवलंय, पण अजून कोणी खोडून काढलेलं नाही.

तर या संगीताने मुंबईच्या एका रॉक बँडबरोबर गाणं केलं. मोबाईलवर आलं आणि आमच्या फॅन ग्रुपवर भांडणं पेटली. तलासरीचा दिपक म्हणाला, "लय भारी, आता जग ऐकेल." पाड्यावरची पोरं म्हणाली, "गिटार आहे की मिक्सर?" मला विचाराल तर मला राग आला होता, सरळ सांगतो. गाणं आमचं, भातकापणीचं, आणि त्यात हा धाडधाड आवाज! ज्या भिकीकाकीने संगीताला गाणी शिकवली, तिने अर्धं ऐकूनच मोबाईल माझ्या हातात परत दिला. "पोरगी त्यांची झाली," एवढंच बोलली ती.

मग डहाणूला, पारनाक्याच्या किनाऱ्यावर, महोत्सवात त्यांचा कार्यक्रम ठरला. संगीताचा मला फोन आला.

"मनिषदादा, पाड्यावरची माणसं आण."

"आणतो. टाळ्या वाजवतील."

"टाळ्या नकोत मला. आपली माणसं नाचली नाहीत ना, तर हे बँडचं मी सोडून देणार. खरंच सांगते."

आम्ही वारली. गाणं आवडलं तर टाळ्या वाजवत बसत नाही, तारप्याभोवती फेर धरतो. तारपा म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं, फुंकून वाजवायचं आमचं वाद्य. वाजवणारा मधे, बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्या भोवती. आणि काहीही झालं तरी तारप्याला पाठ दाखवायची नाही. हे आमच्यात लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

टेम्पो भरून माणसं नेली. भिकीकाकीने चढतानाच बजावलं, "बघायला येते मी. नाचायला नाय."

स्टेज बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. काळ्याबाबा, आमचा तारपेवाला, पार मागे, ड्रमच्या बाजूला उभा केलेला. त्याच्यापुढे गिटारवाले, सगळे त्याला पाठ करून. संगीताचा माईक तर सगळ्यांच्या पुढे. भिकीकाकी उठलीच.

"चल, टेम्पो काढ."

"एक गाणं ऐकू, काकी. एकच." मी अक्षरशः हात जोडले.

संगीता आली. पुढच्या खुर्च्यांतून मोबाईल वर झाले. गिटार वाजली, मागे काळ्याबाबाने तारपा फुंकला. आणि संगीताने माईक हातात घेतला, गर्रकन वळली आणि सगळ्या पब्लिककडे पाठ करून, काळ्याबाबाकडे तोंड करून गायला लागली.

खुर्च्यांत गडबड उडाली. "अहो ताई, इकडे बघा!" एक गृहस्थ तर उभे राहून म्हणाले, "हिला स्टेजवर कसं उभं राहायचं ते कोणी शिकवलं नाही का?"

"शिकवलंय!" मी मागून ओरडलो. "शिकवलंय म्हणूनच तशी उभी आहे!"

स्टेजच्या कडेने आयोजकांचा माणूस वळ, वळ म्हणून हात करत होता. तिने ढुंकूनही बघितलं नाही. लांब केसांचा गिटारवाला तिच्याजवळ गेला, तिने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि तोही वळला. मग दुसरा वळला. मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

भिकीकाकी उभीच होती, पण तिचे पाय जागेवर राहिले नव्हते. कोणीतरी म्हणालं, "काळ्याबाबा तिकडं वर. फेर धरायचा कसा?"

"कसा म्हणजे? स्टेजलाच धर की!" म्हणत काकीने माझ्या कमरेत हात घातला.

निघालो आम्ही. टेम्पोभर माणसांची साखळी खुर्च्यांच्या कडेने, वायरी ओलांडत, सगळ्यांची तोंडं स्टेजकडे. खुर्च्यांतली माणसंही उठून जोडली जात होती. ते मघाचे गृहस्थ आले आणि नेमके उलट्या तोंडाने उभे राहिले. काकीने त्यांना दंडाला धरून सरळ केलं, आणि साहेब मुकाट्याने नाचायला लागले.

समुद्राच्या वाऱ्यामुळे स्टेजला मागे पडदा बांधलेलाच नव्हता. जनरेटरला वळसा घालून आमची साखळी मागच्या बाजूला पोचली, ती थेट संगीताच्या डोळ्यांसमोर. सगळ्यात पुढे भिकीकाकी.

संगीता गाता गाता थांबली. गिटारवालाही बावरून तिच्याकडे बघायला लागला. काळ्याबाबाचा तारपा तेवढा चालू होता.

काकीने मान वर केली आणि त्या सगळ्या गोंगाटात ओरडली, "थांबली कशाला? गा, पोरी! आम्ही सगळे आलो!"