धरून ठेवलेली जागा

मी दस्ती बोलतेय. शहरातली माणसं मला रुमाल म्हणतील, कोणी पंचा म्हणेल, म्हणोत बापडी. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मला दस्तीच म्हणतात. पांढरी, निळ्या चौकटीची, दोन हात लांब. घाम पुसणं, डोक्याला बांधणं, भाकरी गुंडाळणं ही कामं मी करते, पण ती कुठलंही फडकं करील. माझं खरं काम निराळं आहे. मी बसमध्ये जागा धरते.

कुठल्या मागावर मला विणलं ते आता आठवत नाही. आठवतं ते पुसदच्या बाजारातलं पूनमसिंगचं दुकान आणि गठ्ठ्यातला तो कोंदट वास. फुलसावंगीचे एक शेतकरी आले आणि त्यांनी गठ्ठ्यातून नेमकं मलाच ओढलं. अंगठ्याने पोत चाचपून म्हणाले, "ही माह्याच वावरातल्या कापसाची असन."

"मंग भाव कायले करता? तुमचीच हाये, न्या," पूनमसिंग म्हणाला. पैसे मात्र त्याने मोजून घेतले.

त्या शेतकऱ्याचं कागदावरचं नाव काय होतं कोण जाणे. सगळं गाव त्यांना बापूजी म्हणायचं, आणि गावाचं ऐकून त्यांचा पोरगा नयनही बापूजीच म्हणायचा. घरात तिसरी नयनची आई विमलताई, आणि चौथी तिची म्हैस.

जागा धरणं सोपं वाटतं, तसं ते नाही. बस फलाटाला लागायच्या आत खिडकी हेरावी लागते. मला चार बोटांत चिमटून असं फेकावं लागतं की मी सीटवर पसरून पडले पाहिजे. गोळा होऊन खाली पडले तर कोणी विचारत नाही. एकदा मी सीटवर पडले की ती जागा बापूजींची. दांडगे दांडगे लोक माझ्याकडे बघून, चरफडत पुढे सरकायचे. फुलसावंगी ते पुसद या रस्त्यावर मला जो मान होता तो सांगून खरा वाटणार नाही.

मी नेहमी दोन जागा धरायचे. एक बापूजींची, दुसरी नयनची. नयन पुसदला शिकायला होता, आणि दर सोमवारी बापूजी त्याला पोचवायला जायचे. पोरगा मिसरूड फुटलेला झाला तरी जायचे. कारण मला ठाऊक आहे. हे बापलेक घरात एकमेकांशी बोलत नसत. जेवताना माना खाली. वावरात तर दोघांमध्ये सऱ्याच. पण बसमध्ये शेजारी शेजारी बसले, दोघांचीही तोंडं समोर, की बोलणं सुटायचं. नयनने हॉटेलच्या कामाचं शिकायचं ठरवलं ते बसमध्ये. परदेशी जायचं ठरलं तेही बसमध्येच.

नयन गेला तो माल्टा नावाच्या बेटावर. भूमध्य समुद्रात कुठेतरी आहे म्हणे. तिथल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात तो कामाला लागला, दोन वर्षांच्या करारावर. जाताना आईला म्हणाला, "दोन वर्सं झाले की पेरणीले इथंच दिसतो तुले." विमलताईने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. इकडे कापसाचे दिवस फिरले होते. ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीने बोंडंच्या बोंडं आतून पोखरली, त्या वर्षी बापूजी झाडाजवळ उभे राहून एकेक बोंड फोडून बघत आणि मला तोंडावर दाबून धरत. घाम नव्हता तो.

पुढच्या मे महिन्यात नयनने बापूजींना तिकीट पाठवलं. विमलताई निघाली नाही. "म्हैस कोणाच्या भरोशावर सोडू?" म्हणाली. जाताना तिने बापूजींना एकच काम सांगितलं: पेरणीला नक्की कोणत्या तारखेला येतो ते त्याच्या तोंडून ऐकून या.

बापूजींच्या मनात मात्र वेगळंच होतं. त्यांना पोराला सांगायचं होतं, येऊ नको. बोंडअळीच्या त्या हंगामात त्यांनी हे ठरवलं होतं. फोनवर सांगता येईना, कारण फोनला विमलताईचा कान असायचा. म्हणून एवढं समुद्रापार जायचं. एक वाक्य सांगायला.

माल्ट्यात नयन तिघांबरोबर एका खोलीत राहत होता. सकाळी बापूजी उठायच्या आत तो कामावर जायचा आणि परत यायचा तेव्हा त्याच्यात बोलायचं त्राण नसायचं. सात दिवस असे गेले. आठव्या दिवशी त्याची सुट्टी होती. त्याने एका सहलीच्या बसची दोन तिकिटं काढली. दिवसभराची सहल: बरोबर माहिती सांगणारी बाई, जुनं गाव, मासेमारांचं गाव, मग समुद्रकिनाऱ्यावर तीन तास, आणि संध्याकाळी परत. "दिवसभर संगं राहू बापूजी," तो म्हणाला. बापूजींनी आदल्या दिवशी मला साबण लावून धुतलं.

आम्ही बसच्या थांब्यावर उभे असताना नयनचा फोन वाजला. कामावर कोणीतरी आलं नव्हतं. फोन कानाला लावून तो थोडा दूर गेला, आणि परतला तेव्हा त्याची मान खाली होती.

"बापूजी, तुम्ही व्हा पुढं. दोन वाजेपर्यंत मी समुद्रावर येतो. तिथूनच तुमच्यासंगं बसतो वापस."

"येशीन ना?"

"येतो ना जी. दोनचं दोनले."

त्याने बापूजींना खिडकीजवळ बसवलं, त्या बाईला इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि पळतच गेला. बापूजींनी शेजारच्या सीटवर मला पसरलं. चारी कोपरे ताणून, सुरकुती न ठेवता.

मी पुष्कळ बसगाड्या पाहिल्या, पण अशी नाही पाहिली. कोणी ढकलाढकली करत नाही, कोणी खिडकीतून काही फेकत नाही. प्रत्येक सीटला नंबर, प्रत्येकाच्या हातात नंबर. ती बाई माणसं मोजत मोजत आमच्यापाशी आली, तिने मला उचलून, नीट घडी करून बापूजींच्या मांडीवर ठेवलं आणि गोड हसली. ती पुढे गेल्यावर बापूजींनी मला पुन्हा पसरलं. परतताना तिने मला पुन्हा उचललं. मग बापूजी हिंदीत म्हणाले, "आदमी आ रहा है." बाईला काय कळलं देव जाणे, पण तिने हात जोडले आणि पुन्हा माझ्या वाटेला गेली नाही. पलीकडच्या एका म्हातारीने आपली टोपी माझ्यावर ठेवली, तर बापूजींनी ती अदबीने उचलून तिच्या हातात दिली. माझी छाती अशी फुलली म्हणून सांगू! परक्या मुलखातही धरलेली जागा धरलेलीच राहिली.

बाहेर पिवळ्या दगडांची घरं, फड्या निवडुंग, आणि दगडी बांधांनी तोडलेली इवली इवली वावरं. "बैल वळाले जागा नाही," बापूजी पुटपुटले. पण त्यांचं लक्ष बाहेर नव्हतं. ते माझ्याशी बोलत होते. म्हणजे त्या सीटशी.

"नयन, तू येऊ नको," ते हळूच म्हणाले. मग मान हलवून पुन्हा, जरा मोठ्याने, "हे पाय नयन, वावर मी दुसऱ्याले मक्त्यानं देऊन टाकतो. कसणारा माणूस भेटला हाये. तू कायले येतं तिथं?" आणि मग पोराचा आवाज काढून स्वतःच, "असं काहून म्हणता बापूजी? मी येतोच." आणि पुन्हा स्वतःच्या आवाजात, "बरं बापा. तुही मर्जी." एवढं झालं की ते खुशीत खिडकीबाहेर बघायचे. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून. त्या टोपीवाल्या म्हातारीने एकदा वळून पाहिलं आणि लगेच तोंड फिरवलं.

मला तेव्हा कळलं. बापूजींना 'येऊ नको' सांगायचं होतं ते खरं. पण पोराने ते मानू नये, असं त्यांना वाटत होतं.

किनारा आला तेव्हा एक वाजला होता. सगळे उतरले. बापूजींनी मला उचलायला हात घातला, थांबले, आणि मला तसंच पसरून ठेवून उतरले. जागा जाईल ना! आमच्याकडचा कोणीही माणूस हेच करील. मीही ऐटीत पडून राहिले. तिकडचं ऊन आपल्या मे महिन्याच्या मानाने पोरखेळ, पण समुद्राजवळ ते चमकतं आणि डोक्यात उतरतं. बापूजींचं डोकं उघडं होतं. त्यांच्या डोक्याला बांधायची ती मी, रिकाम्या सीटवर.

मी काचेतून बघत होते. माणसं वाळूवर उताणी पडली होती, लेकरं पाण्यात किंचाळत होती. आपण ज्या उन्हापासून झाडाखाली पळतो ते ऊन ही माणसं अंगावर पसरून घेत होती. पाणी तर इतकं निळं की कोणीतरी नीळ ओतल्यासारखं. बापूजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, जरासे हात जोडले, आणि आमच्या बसला लागूनच असलेल्या रस्त्याकडेच्या बाकावर जाऊन बसले. समुद्राकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड. येणाऱ्या प्रत्येक बसला ते उठून उभे राहायचे.

दोन वाजले. अडीच. तीन. ती बाई एकदा त्यांना पाण्याची बाटली देऊन गेली. बाटली हातातच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कामाचा राग आला. मी जागा धरू शकते, माणूस आणू शकत नाही.

साडेतीन वाजून गेल्यावर नयन आला. अंगात हॉटेलचा पांढरा सदरा, बाह्यांवर हळदीसारखे डाग. बापाचं लाल झालेलं डोकं पाहून तो ओरडलाच, "दस्ती कुठं हाये?"

"गाडीत. तुही जागा धरून हाये."

"इथं जागा नाही धरा लागत बापूजी! नंबर असते." मग त्याचा आवाज खाली आला. "चला, पाण्यात पाय तरी बुडवा."

दोघे पाण्यापर्यंत गेले. बापूजींनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. तेवढ्यात बसचा भोंगा वाजला.

नयन सीटवर बसला तेव्हा बापूजींनी मला उचलून मांडीवर घेतलं. बस निघाली. दोघांची तोंडं समोर. किती वर्षांनी! मी बापूजींच्या बोटांत होते. त्यांनी माझ्या एका कोपऱ्याला पीळ द्यायला सुरुवात केली.

"हे पाय नयन," ते म्हणाले. "तू येऊ नको. वावर मी मक्त्यानं देऊन टाकतो. कसणारा भेटला हाये."

असा कसणारा कोणी भेटला नव्हता. मला माहीत होतं, मी तर चोवीस तास त्यांच्या खांद्यावर.

बोटं थांबली. बापूजी वाट बघत होते. सकाळपासून त्यांनी मला किती वेळा ऐकवलं होतं, आता पोराने काय म्हणायचं ते. मीही मनातल्या मनात म्हणत होते, म्हण ना रे, म्हण.

नयनने मोठा श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले.

"बरं झालं बापूजी, तुम्हीच म्हटलं," तो म्हणाला. "मी मार्चमधेच अजून तीन वर्साचा करार केला. तुम्हाले कसं सांगू, समजूनच नाही राह्यलं होतं."

बापूजींनी माझ्या कोपऱ्याला शेवटपर्यंत पीळ दिला. मग म्हणाले, "चांगलं केलं."

"मायले तुम्ही सांगान ना?"

"सांगतो ना."

पोराच्या अंगावरचं ओझं उतरलं होतं. दहा मिनिटांत तो बापाच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपला. खिडकीतून त्याच्या तोंडावर ऊन येत होतं. बापूजींनी माझा पीळ सोडवला आणि मला त्याच्या तोंडावर हलकेच अंथरलं. सगळा वेळ मी त्याच्या श्वासाने वर-खाली होत होते. त्याच्यावर मला राग धरता आला नाही. पोरगा दमला होता. त्याचं काही चुकलंही नव्हतं; बापाने येऊ नको म्हटलं, ते त्याने खरं मानलं.

फुलसावंगीला परतल्यावर विमलताईने हातपायही धुऊ दिले नाहीत. "काय म्हणे जी नयन? कोन्या तारखेले येते?"

"यंदा सुटी नाही भेटली त्याले," बापूजी म्हणाले. "पुढच्या पेरणीले येतो म्हणे."

मक्त्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्या जूनमध्ये चौसष्टाव्या वर्षी त्यांनी एकट्यानेच पेरणी केली. मी डोक्यावर होते. संध्याकाळी विमलताई मला पिळून तारेवर टाकायची आणि शेजारणीला सांगायची, "पुढल्या वर्सी माहा नयन असन, मंग याह्यले आराम." हे ऐकून मला तारेवरून पडावंसं वाटायचं.

आता मी जुनी झाले. निळी चौकट विटली, मधोमध एक विरलेली जागा आहे, तिच्यातून आरपार दिसतं. बापूजी महिन्यातून एकदा पुसदला जातात तेव्हा मला खांद्यावरच ठेवतात. एकट्या माणसाला जागा मिळते कुठेही. माझ्यासारखीला असं बिनकामाचं जगणं फार जड जातं, पण ते सोसेन मी.

मला जे सोसत नाही ते वेगळंच. दर रविवारी नयनचा फोन येतो. विमलताई बोलते, मग बापूजी बोलतात. "बरं हाये, तू बरा हायेस ना," आणि फोन खाली. फोन ठेवल्यावर ते मला तोंडावरून फिरवतात, आणि मी ओली होते.

म्हणून हे सगळं तुम्हाला सांगितलं. तुमच्यापैकी कोणी त्या बेटावर जाणार असाल, तर हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत विचारा, फुलसावंगीचा नयन कुठे आहे. भेटला तर त्याला म्हणावं, तू येऊ नकोस, कामावर राहा. फक्त एका रविवारी बापाशी भांड. "मी काहून नाही येऊ?" एवढं विचार त्याला, मोठ्याने, चांगलं रागावून. बाकी काही करू नको.