रणगाड्याची खांदेमळणी

मामांचा उजवा हात कधी स्वस्थ बसत नसे. मांडीवरच्या धोतराच्या घडीवर तो बारीक वर्तुळात फिरत राही, आणि त्या फिरण्याचा एक मृदू, सुका खसखसाट वैशाखातल्या निपचित दुपारी, लिंबाचं पानसुद्धा हलायचं थांबलं की, थेट माझ्या चुलीपर्यंत ऐकू येई. नवी नवरी होऊन या वस्तीवर आले तेव्हा मला वाटलं, सासरे जप करतात. पण जपाला माळ हवी, ओठांची हालचाल हवी. इथं ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे दूर माळावर लागलेले. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मिलिटरीतनं आल्यापासनं हाय ते. त्यांला इचारू नगंस." त्यांना मी विचारलं नाही, पण न विचारलेली गोष्ट बाईच्या डोक्यातून कधी जाते होय?

मामा म्हणजे माझे सासरे. माकणीच्या धरणाच्या फुगवट्याला लागून आमची वस्ती आहे. तिथं मेंढरांमागं वाढलेला हा माणूस मिसरूड फुटायच्या वयात सैन्यात गेला, रणगाड्यावर तोफ चालवू लागला आणि दफेदार होऊन परत आला. लष्करातला माणूस म्हटला की मिशा आणि दरारा असतो म्हणतात. आमच्याकडे मिशा होत्या. दरारा मात्र मेंढरांवरही नव्हता. तोफेच्या धडाक्यांनी कान अर्धे गेलेले, त्यामुळे बोलणं कमी आणि बघणं फार. संध्याकाळी कळप परतताना धुळीला जो ताम्रवर्णी उजेड चढतो, त्यात ते वाघरीच्या, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी उभे राहत आणि प्रत्येक मेंढराच्या पाठीवरून हात फिरवत त्याला आत सोडत. त्या वेळी तेवढा तो हात वर्तुळं विसरे. हेमंतात रानात हुरडा पार्टी असली, आगटीभोवती सगळी वस्ती हसतखिदळत बसली, तरी मामा आगीपासून लांब, बांधावर एकटे. आणि घराच्या दाराला आतून कडी लावू देत नसत. "चोर आला तर येऊ दे," म्हणत, "पर आतल्याला भाईर निघता आलं पायजे." म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून आम्ही सगळे हसायचो.

मग तालुक्याच्या गावी रणगाडा येणार अशी खबर आली. सैन्यातून निवृत्त झालेला एक जुना रणगाडा चौकात स्मारक म्हणून उभा करायचा, असं तिथल्या काही मंडळींनी ठरवलं होतं. समितीचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते, मृदू बोलणारे, कुणाचंही मन न दुखवणारे. आसपास रणगाड्यावर नोकरी केलेला माणूस एकच, म्हणून त्यांनी मामांना सन्मानानं बोलावणं धाडलं. शिशिराचे दिवस होते. कोवळ्या उन्हात मामांनी स्वतः दाढी केली, फेट्याला माझ्याकडून नीळ घालून घेतली आणि एसटीत खिडकीशी बसून तालुक्याला पोचेपर्यंत माळाकडे एकदाही पाहिलं नाही. मी सोबत होते. लग्नाला निघालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

लांबलचक ट्रेलरवरून उतरवलेला तो रणगाडा गंजानं पार तांबूस झाला होता. आतलं इंजिन केव्हाच काढून घेतलेलं, आणि पट्ट्यांच्या सांध्यांत कुठल्याशा परक्या प्रदेशातली वाळू अजून अडकलेली. मामा त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी फिरले. बाजारात बैल पारखावा तसं त्यांनी त्याला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, कुशीवर थाप मारली. "ह्यीच जात," एवढंच म्हणाले. पुढचे काही आठवडे ते रोज पहिल्या गाडीनं जात आणि शेवटच्या गाडीनं येत. गंज खरवडणाऱ्या मजुरांना कुठली पट्टी नाजूक आहे ते दाखवत, रंग किती पातळ हवा ते सांगत. घरी आले की अंगाला रंगाचा वास आणि डोळ्यांत मी कधी न पाहिलेली चमक. त्या दिवसांत मांडीवरचा खसखसाट थांबला होता. मला बरं वाटलं. वाटलं, म्हातारपणी देव असाही पावतो.

काळ्या दगडाच्या चौथऱ्यावर रणगाडा चढवला आणि तोफेचं तोंड कुठं करायचं, हा प्रश्न निघाला. चौथरा असा बांधलेला की नाकासमोर देवीच्या देवळाचं शिखर. वकीलसाहेब म्हणाले, देवळावर तोफ रोखलेली बरी दिसणार नाही. उजवीकडे वळवावी तर दर्ग्याचा घुमट. तेही बरं नव्हे. उरली डावी बाजू. तिथं रस्ता आणि रस्त्यापल्याड मोकळा माळ, कुणाचं दार नाही, कुणाचा देव नाही. शिवाय चौथऱ्याच्या त्याच अंगाला हुतात्म्यांच्या नावांची शिळा बसवायची होती. तेव्हा नळी त्यांच्यापुढे झुकलेली असावी, ही सूचनाही सर्वांना मनापासून आवडली. क्रेनला साखळी लावून तोफेचं जडशीळ डोकं कुरकुरत जरासं डावीकडे फिरलं आणि नळी हळूहळू खाली आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा पुढं झाले.

"साहेब, नळी एक वीत उजवीकडं घ्या. न्हायतर जरा वर तरी उचला. आशी ठिवली तर ती डायवरच्या झाकणावर येती, त्यो म्होरं डाव्या अंगाला खाली बसतो. झाकण उघडत न्हाय. त्याला भाईर निघता येत न्हाय."

वकीलसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दफेदार, आता आत आहे कोण?"

क्रेनवाला हसला. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, मी तेव्हा तिथं होते म्हणून सांगते. मामाही थोडे ओशाळून हसले, आणि मग मागं सरले. तासाभरात वेल्डिंगवाल्यानं ठिणग्यांचा फुलोरा उडवत ती नळी तिथंच पक्की केली. मामांना शाल आणि नारळ मिळाला. शाल अंगावर तशीच ठेवून ते माझ्यासोबत स्टँडकडे चालू लागले, आणि मी पाहिलं, शालीखाली उजवा हात फिरायला लागला होता.

स्टँडबाहेरच्या रसवंतीत आम्ही बसलो. घुंगरांचा नाद चालू होता, रसाचा पेला त्यांच्यापुढे तसाच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामा आपणहून बोलले.

"ओमी नाव हुतं त्याचं. हरियाणाकडचा. घरी म्हशी. मला भेडवाला म्हणायचा. लढाई न्हवती पोरी, नुसता सराव हुता, वाळवंटात. गाडी पेटली. नळी त्याच्या झाकणावर. करंट गेलेला. आसं झालं की तोफंचं डोकं हातानं फिरवायचं आसतंय, आत बारीक चाक आसतंय मुठीचं. म्या फिरवत हुतो. फिरवत हुतो. त्यो खालनं झाकणाला ठोकत हुता. एक वीत राह्यली. मंग मला वरनं कुणीतरी ओढून काढलं."

मी विचारलं, "आणि ते?"

"ठोकायचं थांबलं," मामा म्हणाले, आणि रसाच्या पेल्यावरची माशी हातानं वारली.

जपासारखा तो हात, ती कडी न लावलेली दारं, ती आगटीपासून दूरची बैठक, सगळं एका क्षणात माझ्यापुढे उभं राहिलं, आणि मला रडू आलं ते स्वतःच्या हसण्याचं आलं. लढाईत मेला नाही म्हणून ओमीचं नाव कुठल्या शिळेवर असायचं कारण नव्हतं. आणि आता दुसऱ्या एका रणगाड्याची नळी, सगळ्यांच्या सद्भावनेनं, नेमकी त्याच जागी झुकवून ठेवलेली होती. कुणाला दोष द्यावा तर कुणीच वाईट नव्हतं. अशा वेळी माणसानं भांडायचं तरी कुणाशी?

त्यानंतर मामा ग्रीसचा डबा घेऊन जाऊ लागले. तोफेचं डोकं आणि रणगाड्याचं धड यांच्यामधल्या फटीत ते बोटानं ग्रीस भरत. वेल्डिंग केलेलं लोखंड ग्रीसनं फिरत नाही, हे त्यांना कळत नसेल? कळत होतं. पण काम अर्ध्यात सोडून निघणं त्यांनी एकदा भोगलं होतं. राखणदारानं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा डबाच ठेवून घेतला, कारण नव्या हिरव्या रंगावर काळे ओघळ येत होते. मामा हात हलवत घरी आले आणि श्रावण सरत येईपर्यंत वस्तीबाहेर पडले नाहीत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची आणि त्यांना दुसऱ्या दिवसाचं जेवणाचं निमंत्रण द्यायचं. आमच्या जोडीचे खांदे मळून झाल्यावर मामांनी उरलेली वाटी फडक्यात बांधली. "चल," म्हणाले. त्या संध्याकाळी ढग उतरले होते, माळ हिरवागार, आणि पश्चिमेला उजेडाची एकच पिवळी चीर. राखणदारानं वाटी पाहिली, हळद पाहिली आणि हात जोडून बाजूला झाला. ग्रीसला आडकाठी होती. लोणी-हळदीला कोण आडवं येणार? मामांनी चौथऱ्यावर चढून ती सगळी फट लोण्यानं भरली, सावकाश, एक बोट जागा न सोडता. मग खाली वाकून, नळीच्या सावलीतल्या त्या बंद झाकणाशी तोंड नेलं.

"आज आवतण घे, ओमी. उद्या जेवायला ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओसरीवर एक पान जास्त वाढायला लावलं. दार सताड उघडं. पुरणपोळी निवली, तुपाची कवडी झाली, बैल वेशीतून मिरवून परत आले. मामा बसून राहिले. उन्हं कलल्यावर उठले, पान उचललं आणि बैलांपुढे ठेवलं. मी काही विचारलं नाही; आता विचारण्यासारखं राहिलंच काय होतं?

त्या पोळ्यानंतरच्या माघात मामा गेले. झोपेत गेले, दार उघडं होतं. सकाळी मी पाहिलं तेव्हा उजवा हात छातीवर उताणा पडलेला, तळवा आकाशाकडे, आणि इतका शांत की मला तो दुसऱ्या कुणाचा वाटला.

पुढच्या खांदेमळणीला वाटी घेऊन मी एकटीच चौकात गेले, तर तिथं गर्दी. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं लोणी-हळद घेऊन आलेली. आदल्या वर्षी दफेदारांनी मळणी केली आणि पाऊसपाणी बरं झालं, म्हणे. कुणी नळी माखत होतं, कुणी पट्टे, एका बाईनं दिव्याचं ताट ओवाळलं. सगळे म्हणत होते, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. वकीलसाहेब होते. मी गर्दीतून वाट काढून त्यांच्यापाशी गेले आणि रसवंतीत ऐकलेलं सगळं सांगितलं. म्हटलं, एक वीत फक्त. त्यांचे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत.

"वहिनी, तेव्हा कळलं असतं तर त्याच दिवशी वळवली असती," ते म्हणाले. "आता लोकांची श्रद्धा बसली आहे. आता नळीला हात लावला तर लोक ऐकणार नाहीत."

ती श्रद्धा कुणी बसवली, हे मी त्यांना काय सांगणार? मी वाटी रिकामी केली, फटीत बोट फिरवलं. लोखंड दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होतं. वाकून झाकणाशी मी दोघांनाही आवतण दिलं.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर दोन पानं जास्त वाढली आणि दाराला पाट लावून ठेवला, वाऱ्यानं मिटू नये म्हणून. लोक म्हणतात, काळ सगळ्यावर फुंकर घालतो, घालत असेल. माझ्या ओसरीवर मात्र त्याला एक वीतसुद्धा पुढं सरकता आलेलं नाही, आणि पुरण निवेपर्यंत मी नुसती दाराकडे बघत बसते.