लागलेला वेळ : निरंक

विषय : जलद प्रोग्राम स्पर्धेच्या अंतिम फेरीतील माझ्या निकालाबाबत.
संदर्भ : शून्य आणि एक यांच्या पुसलेल्या जाळ्या पुन्हा भरून देण्याची स्पर्धा.

उपरोक्त विषयी निवेदन करतो की, मी एक प्रोग्राम बोलतोय. मला हात नाहीत, पाय नाहीत, तरी मी धावण्याच्या स्पर्धेत उतरलो. हातपाय असून बसून राहणारे पुष्कळ असतात, तेव्हा यात हसण्यासारखं काही नाही.

आधी काम सांगतो. चौकटींची एक जाळी असते. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. मग कुणीतरी रिकामटेकडा ती सगळी घरं पुसतो आणि नुसत्या बेरजा ठेवतो : आडव्या ओळीत एक किती, उभ्या ओळीत किती, दोन्ही दिशांच्या तिरप्या ओळींत किती. तेवढ्यावरून मूळ जाळी जशीच्या तशी उभी करायची. म्हणजे सभागृहाच्या कुठल्या रांगेत किती माणसं होती एवढंच सांगायचं आणि विचारायचं, बोला, कुठली खुर्ची रिकामी होती? जो प्रोग्राम सगळ्यांत लवकर सांगेल, त्याच्या कर्त्याला स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीत थेट नोकरी.

ती नोकरी माझ्या निर्मातीला हवी होती. नणंद तिला वहिनी म्हणते, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. मुलगी झाल्यावर तिने काम सोडलं होतं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिने अर्ज करायला सुरुवात केली, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न : मधली वर्षं काय केलंत? मूल वाढवलं, हे उत्तर त्यांच्या रकान्यात बसत नसे. या स्पर्धेत तो रकानाच नव्हता. इथे फक्त धावायचं होतं.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला, लोणच्याची बरणी आणि इस्त्रीचे कपडे यांच्या मधोमध. पहिला अवतार अगदीच मंद होता. वरच्या डाव्या घरापासून सुरुवात करायचो, अंदाजाने एक भरायचो, पुढे जायचो, बेरीज जुळली नाही की मागे फिरून पुसायचो. मोठी जाळी दिली की संगणकाचा पंखा धापा टाकायचा आणि मी कुठेतरी मध्यावर घुटमळत असायचो.

नणंद दर रविवारी यायची. ती एका मोठ्या कंपनीत प्रोग्राम लिहायची आणि हौसेने याच स्पर्धेत उतरली होती.

"वहिनी, तुझा प्रोग्राम चालतोय की झोपलाय?"

"विचार करतोय."

"आमच्या साहेबांसारखाच! माझा केव्हाच घरी पोचला, हातपाय धुऊन जेवायला बसला."

"बसू दे हो वन्सं. वाढायचं मलाच आहे."

दोघी हसायच्या. मी मात्र मनाला लावून घ्यायचो. आपल्यावरून आपल्या माणसाला टोमणा बसला, की जीव वरखाली होतो.

मग तो दिवस आला. वहिनी गॅसवर भाजी टाकून टेबलाशी बसली होती, तिरप्या ओळींच्या बेरजा पुटपुटत. पहिलीच ओळ वाचली आणि थांबली. जाळीतली सगळ्यांत आखूड तिरपी ओळ म्हणजे कोपऱ्याचं एकटं घर. त्या ओळीची बेरीज एक असेल तर घरात एक, शून्य असेल तर शून्य. मग अंदाज करायचा कशाला?

"अगं बाई! कोपरे तर फुकट मिळतायत!"

"काहीतरी जळतंय," आतून नवरा ओरडला.

"जळू दे! चारही मिळाले!"

त्याने मुकाट्याने येऊन गॅस बंद केला. चार कोपऱ्यांवर एवढी खूश होणारी बायको मिळायला भाग्य लागतं, पण भाजी गेल्यावर ते लगेच पटत नाही.

त्यानंतर वहिनीने मला पार मोडून नव्याने बांधलं. आधी कोपरे भरायचे. मग बघायचं, कुठल्या ओळीला आता एकही एक नको आहे? तिथे सरसकट शून्य. कुठल्या ओळीला उरलेल्या सगळ्या घरांत एक हवेत? तिथे सरसकट एक. एक घर भरलं की शेजारची उभी ओळ सुटायची, ती सुटली की तिरपी. अंदाज करायचाच झाला तर जिथे पर्याय सगळ्यांत कमी, तिथे. काय सांगू ती मजा! बंद खिडक्यांच्या इमारतीत एक खिडकी उघडावी आणि बाकीच्या आपणहून धडाधड उघडत जाव्यात, तसं व्हायचं. पंख्याला धाप लागायला फुरसतच मिळेना.

अंतिम फेरी भरदिवसा, भरल्या सभागृहात. जाळी प्रचंड. सगळ्यांचे प्रोग्राम आयोजकांच्या एकाच यंत्रावर धावायचे, आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजला जायचा. नणंदेचा प्रोग्राम पापणी लवायच्या आत पोचला. टाळ्या! तिने वळून वहिनीकडे पाहून भुवया उडवल्या.

मग मी. मी निघालो आणि पोचलो. मधे लिहिण्यासारखं काही घडलं नाही; वर्णनाच्या दृष्टीने ही माझी मोठीच उणीव आहे.

पडद्यावर आलं : उत्तर बरोबर. लागलेला वेळ शून्य. वहिनी खुर्चीतून उठलीच! आणि यादी लागली तेव्हा मी सगळ्यांत खाली. शेरा : धावला नाही.

ती थेट स्पर्धेच्या चिटणिसांपुढे.

"साहेब, उत्तर बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर."

"मग धावला नाही, असं कसं?"

"वेळ शून्य आहे, बाई. शून्य म्हणजे धावला नाही, असं आमच्या यंत्रणेत ठरलेलं आहे."

"अहो, न धावता उत्तर आलं कुठून?"

"तो प्रश्न माझ्या कक्षेत येत नाही."

"त्याला लागोपाठ हजार वेळा धावू द्या. येईल त्या वेळेला हजाराने भागा."

"भागाकाराची तरतूद नाही." चिटणिसांना तिची दया आली असावी. आवाज उतरवून म्हणाले, "त्यात थोडं रेंगाळणं घातलं असतंत तर बरं झालं असतं."

"आता घालू?"

"छे! मुदत संपल्यावर बदल चालत नाही."

वहिनीच्या बोटांनी पदराचं टोक इतकं पिळलं होतं की सुरकुत्यांनी इस्त्रीचंही ऐकलं नसतं.

पहिली म्हणून नणंदेचं नाव पुकारलं गेलं. ती मंचावर गेली, पण नेमणुकीच्या पत्राला हात लावला नाही.

"वहिनीला हरवायचंच होतं मला," ती म्हणाली. "पण मी हरवायचं होतं, तुमच्या घड्याळाने नाही. ती माझ्याआधी पोचलीय. फेरमोजणीचा अर्ज कुठे द्यायचा?"

"अर्ज त्यांनी करायचा असतो."

"वहिनी, लिही गं. साक्षीदार म्हणून सही माझी."

"अहो वन्सं, पण तुमचा नंबर..."

"लिही म्हणते ना! नाहीतर पुढच्या रविवारी जेवायला येणार नाही."

"हे आधी सांगितलं असतं तर केव्हाच लिहिला असता," वहिनी म्हणाली आणि डोळे पुसत हसायला लागली. अर्ज तिथेच, चिटणिसांच्याच पेनाने लिहिला गेला.

अर्ज दाखल झाला आहे. पोच मिळाली आहे. पहिला क्रमांक रिकामा ठेवलेला असून नेमणुकीचं पत्र चिटणिसांकडे आहे. भागाकार करावा किंवा कसे, हे ठरवण्यासाठी समिती नेमायची आहे. मी आयोजकांच्या यंत्रावर, एका अक्षराचाही फरक न होता, जागच्या जागी आहे. हजार वेळा म्हणाल तर हजार वेळा धावीन. विनंती एवढीच की, मोजायला जरा बारीक घड्याळ आणावं.

समितीची बैठक अद्याप झालेली नाही. अर्ज विचाराधीन आहे.